हॅम रेडिओ आणि ग्लायडिंग, दोन्ही छंदांतला मित्र गेल्यावर त्याची आठवण कशी जपावी?

आपण विचारले आहे की, हॅम रेडिओ (परवाना घेऊन हौसेने रेडिओवर बोलणे) आणि ग्लायडिंग (इंजिन नसलेले विमान उडवणे) या दोन्ही छंदांत आपल्याबरोबर असलेला मित्र नुकताच गेला, तर त्याच्याविषयी काय लिहून ठेवावे आणि त्याच्या सामानाचे व वह्यांचे काय करावे. पुण्यातला माझा असाच एक जिवलग मित्र काही वर्षांपूर्वी गेला, तेव्हा हेच प्रश्न माझ्यासमोर होते. माझे सांगणे असे की, तो किती चांगला होता हे लिहिण्याआधी तो नेमके काय करायचा आणि कसे करायचा, हे लिहावे. छंदात रमलेला माणूस त्याच्या कामाच्या पद्धतीत जितका दिसतो, तितका त्याच्या स्तुतीत दिसत नाही.

हे दोन छंद एकाच माणसाला असणे तसे नवलाचे नाही. राजीव गांधी इंडियन एअरलाइन्सचे वैमानिक होते आणि व्हीयू२आरजी ही त्यांची हॅमची कॉल साइन, म्हणजे रेडिओवरची ओळखखूण होती. जॉर्डनचे राजे हुसेन स्वतः विमान चालवत आणि जेवाय१ या नावाने जगभरच्या हौशी लोकांशी रेडिओवर बोलत. माझा मित्र मात्र भोसरीच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये नोकरीला होता. कोथरूडमधल्या त्याच्या इमारतीच्या गच्चीवरून शेजारच्या इमारतीपर्यंत तांब्याच्या तारेचा डायपोल, म्हणजे दोन सरळ भागांचा अँटेना ताणलेला असे, कारण चाळीस मीटरच्या, म्हणजे ७ मेगाहर्ट्‌झच्या बँडसाठी (लहरींच्या पट्ट्यासाठी) ही तार साधारण २० मीटर लांब लागते आणि एवढी लांबी एका गच्चीत बसत नव्हती. सोसायटीची परवानगी मागण्याआधी तो दोन्ही इमारतींतल्या घरोघरी गेला होता. त्याचा सेट चालू असताना कोणाच्या टीव्हीवर खरखर येते का, हे त्याने स्वतः पाहिले आणि मगच सभेत अर्ज ठेवला. त्याच्या स्वभावाविषयी मी पानभर लिहिले असते, तरी या एका गोष्टीइतके सांगता आले नसते.

हडपसरला नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे ग्लायडिंग सेंटर आहे. विंचच्या, म्हणजे जमिनीवरच्या दोर गुंडाळणाऱ्या यंत्राच्या दोराने ग्लायडर साधारण तीनशे मीटर उंचीवर जातो, दोर सुटतो आणि त्यानंतर इंजिन नसलेल्या त्या यंत्राला तरंगत ठेवते ती फक्त वर चढणारी गरम हवा. ती मिळाली नाही, तर पाच-सहा मिनिटांत उतरावे लागते. माझा मित्र व्हेरिओमीटरच्या, म्हणजे ग्लायडर वर चढतो आहे की खाली येतो आहे हे दाखवणाऱ्या उपकरणाच्या काट्याइतकेच लक्ष घारींकडे ठेवायचा. दिवे घाटाच्या बाजूला एखादी घार पंख न हलवता गोल फिरताना दिसली, की तो तिकडे वळायचा आणि तिच्याच दिशेने घिरट्या घेऊ लागायचा. कॉकपिटच्या काचेवर बाहेरून लोकरीचा छोटा धागा चिकटवलेला असतो. तो काचेच्या मधल्या रेषेत सरळ मागे राहिला, तर वळण स्वच्छ आहे आणि बाजूला कलला, तर ग्लायडर हवेत घसरतो आहे, असे समजावे. हा धागा जुना, पिंजलेला असला, की त्याला करमत नसे. वहिनींच्या विणकामातली लाल लोकर त्याच्या खिशात कायम असे. उड्डाणाआधी तो तिचा बोटभर तुकडा कापून जुन्या धाग्याच्या जागी चिकटवायचा आणि फुंकर मारून तो मोकळा हलतो का, ते पाहायचा.

त्याच्या आयुष्यात हे दोन छंद एकमेकांच्या आड कधीच आले नाहीत, आणि त्यामागे सूर्य होता, असे तो म्हणत असे. त्याचे हे म्हणणे मला फार आवडते, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. उन्हाळ्याच्या दुपारी जमीन तापते आणि हवेचे चढे प्रवाह तयार होतात, पण त्याच वेळी सूर्यकिरणांमुळे वातावरणाच्या वरच्या भागात जो डी थर तयार होतो, तो चाळीस मीटरच्या लहरी शोषून घेतो, त्यामुळे दुपारी पुण्याहून फार तर हैदराबाद, बंगळुरूपर्यंत बोलणे होते. सूर्य कलला की हडपसरची हवा शांत होते, घारी खाली उतरतात. इकडे डी थर विरून जातो आणि त्याच बँडवर जपान, युरोप ऐकू येऊ लागतात. म्हणून रविवारची त्याची दुपार मैदानावर जायची आणि रात्र मोर्सच्या कीसमोर, म्हणजे टिंब आणि डॅशच्या सांकेतिक लिपीत संदेश पाठवायच्या खटक्यासमोर. त्याच्या हाताची लय मी कुठेही ओळखली असती. शब्दातला शेवटचा डॅश तो किंचित लांबवायचा.

५ मे २००५ रोजी पीएसएलव्ही-सी६ या भारतीय रॉकेटने कार्टोसॅट-१ या उपग्रहाबरोबर हॅमसॅट हा हौशी रेडिओवाल्यांसाठीचा भारतीय उपग्रह अवकाशात सोडला, तेव्हा त्याच्या आनंदाला पारावार उरला नाही. बोहरी आळीतून आणलेल्या ॲल्युमिनियमच्या नळ्या लाकडी दांड्यावर बसवून त्याने यागी, म्हणजे एकाच दिशेला रोखता येणारा अँटेना केला. उपग्रह डोक्यावरून जात असताना तो अँटेना हातात धरून हळूहळू फिरवायचा आणि मी डायल सरकवत राहायचो, कारण जवळ येणाऱ्या आणि दूर जाणाऱ्या उपग्रहाची फ्रिक्वेन्सी डॉप्लर परिणामामुळे सतत बदलते. २०१४ च्या जुलैमध्ये बॅटरी निकामी होऊन तो उपग्रह बंद पडला. त्या दिवशी त्याने घरातला माणूस गेल्यासारखी हळहळ व्यक्त केली, आणि ती खरी होती.

आता आपल्या प्रश्नाचा व्यवहाराचा भाग. हॅमचा परवाना त्या व्यक्तीपुरता असतो, तो वारसाहक्काने मिळत नाही. म्हणून ट्रान्समीटर कोणालाही विकू नये किंवा भंगारात देऊ नये, तो परवानाधारक हॅमकडेच जावा. जुन्या पॉवर सप्लायला अनुभवी माणसाशिवाय हात लावू नये, कारण प्लग काढल्यानंतरही त्यातल्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा विद्युतभार राहू शकतो. गच्चीवरचा अँटेना पावसाळ्याआधी उतरवावा. हे सगळे आम्ही मित्रांनी केले, पण प्रत्येक वस्तू आधी वहिनींना दाखवून आणि ती काय आहे हे त्यांना सांगून, कारण नवऱ्याच्या खोलीतले सामान मुकाट्याने उचलून नेणे कोणाही घरच्या माणसाला लागते. मोर्सची की त्यांनी स्वतःजवळ ठेवली.

सर्वांत मोलाच्या आहेत त्या वह्या. त्याच्या रेडिओच्या वहीत तारीख, वेळ, फ्रिक्वेन्सी, समोरच्याची कॉल साइन आणि सिग्नलचा दर्जा असे रकाने होते, आणि उड्डाणाच्या वहीत लॉन्चची वेळ, उंची आणि हवेत राहिल्याचा कालावधी. रेडिओची वेळ जागतिक प्रमाणवेळेत, म्हणजे आपल्या घड्याळापेक्षा साडेपाच तास मागे लिहिलेली असते, हे लक्षात ठेवून मी त्याच्या दोन्ही वह्या तारखेनुसार शेजारी ठेवून वाचल्या, तेव्हा त्याचे रविवार सलग दिसू लागले: दुपारी ‘घार सापडली, चढ चांगला’ आणि रात्री ओसाका. आपणही तसे वाचून पाहावे आणि त्यातूनच लिहायला सुरुवात करावी. वारंवार येणाऱ्या कॉल साइन शेवटच्या पानांवरून उतरवून घ्याव्यात आणि त्या मंडळींना, तो आता ‘सायलेंट की’ झाला आहे (दिवंगत हॅमसाठी हा शब्द वापरतात), असे कळवावे, कारण त्यांतले कित्येक जण ठरल्या वेळी अजूनही त्याची वाट पाहत असतील. वह्यांची पाने शाई उडण्याआधी स्कॅन करून घ्यावीत, प्रती मित्रांनी ठेवाव्यात आणि मूळ वह्या त्याच्या घरीच राहू द्याव्यात.