पहिल्या मिस्सेआधी

ब्रदर, गुरुदीक्षा (फादर होण्याची दीक्षा) जवळ आली, फार आनंद झाला! आता दोनच गोष्टी धर.

भाषा. मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, मराठीत होईल, पण नवापूर-धडगावकडच्या आजीबाईचं मन मोकळं होतं ते भिलीत, पावरीत, तिच्या आदिवासी बोलीत. रोज चार शब्द शीक, चुकलास तरी बोल.

प्रवचन. नवे फादर सेमिनरीत, म्हणजे फादर घडवणाऱ्या विद्यालयात, शिकलेलं सगळं एकाच रविवारी ओततात. मीही ओतलं होतं. सात-आठ मिनिटं, एकच मुद्दा, बस्स.

आणि हो, मिस्सा संपल्यावर लगेच आत जाऊ नकोस, दारात थांब. मिरची तोडून भेगाळलेले हात पुढे येतील. लोक तुझे तळहात चुंबतील. संकोचू नकोस, दीक्षेत बिशपांनी त्या तळहातांनाच पवित्र तेल लावलेलं असतं. विधीतले बारकावे नंतर सावकाश बघू.