पशुपालन प्रश्नोत्तरे : लस टोचल्यावर रोग कळपातून जातो का?

प्रश्न : मी ठाण्यात राहतो, मुरबाड तालुक्यात माझे तीस डुकरिणींचे वराहपालन आहे. गेल्या वर्षी स्वाइन फीवर या डुकरांच्या विषाणूजन्य रोगाने बरीच पिल्ले दगावली, म्हणून सर्व कळपाला लस टोचून घेतली. तरीही यंदा दोन वेतांत अशक्त, थरथरणारी पिल्ले जन्मली आणि रक्ततपासणीत बहुतेक जनावरांत प्रतिपिंडे (रोगाशी लढण्यासाठी शरीर तयार करते ती प्रथिने) आढळली. युरोपात डुकरांचा एक विषाणूजन्य रोग केवळ लसीने नाहीसा झाला, असे वाचले. आपल्याकडे ते शक्य आहे का? — एक वाचक, ठाणे

उत्तर : आपण वाचलेला रोग बहुधा आउयेस्कीचा रोग असावा. हंगेरीतील आलादार आउयेस्की यांनी १९०२ मध्ये त्याचे वर्णन केले. जर्मनी २००३ मध्ये त्यातून मुक्त झाली आणि पुढच्याच वर्षी अमेरिकेतील व्यावसायिक कळपही मुक्त झाले. मात्र आपल्या प्रश्नातील ‘केवळ’ हा शब्द मला खटकतो. हा विषाणू एकदा शिरला की जनावराच्या मज्जासंस्थेतील पेशींत जन्मभर दडून राहतो आणि कोणतीही लस त्याला तेथून काढू शकत नाही. लसीमुळे त्याचा फैलाव तेवढा मंदावतो. खरी किल्ली अशी होती की त्या लसीतील विषाणूमध्ये जीई नावाचे एक प्रथिन नव्हते. त्यामुळे ज्या डुकराच्या रक्तात जीईविरुद्ध प्रतिपिंडे सापडत, त्याला लस टोचलेली असो वा नसो, खरी लागण झालेली आहे हे कळत असे, आणि अशी जनावरे क्रमाक्रमाने काढून टाकता आली.

आपल्याकडे स्वाइन फीवरसाठी वापरली जाणारी लस, मग ती सशांत वाढवलेली जुनी असो किंवा भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेने २०२० मध्ये आणलेली पेशीसंवर्धित असो, संरक्षण चांगले देते. परंतु तिच्यात अशी ओळखखूण नाही. म्हणून आपल्या जनावरांतील प्रतिपिंडे लसीची की लागणीची, हे त्या चाचणीवरून सांगता येणार नाही, आणि त्या अहवालाने घाबरण्याचेही कारण नाही.

मला चिंता वाटते ती त्या थरथरणाऱ्या पिल्लांची. डुकरीण सुमारे ११४ दिवस गाभण असते. त्यातील साधारण पन्नासाव्या ते सत्तराव्या दिवसांदरम्यान तिला स्वाइन फीवरची लागण झाली, तर गर्भातील पिल्लाचे शरीर त्या विषाणूला परका मानतच नाही. असे पिल्लू कधी खुरटलेले, कधी वरकरणी धडधाकट जन्मते, मरेपर्यंत विषाणू बाहेर टाकत राहते आणि स्वतःची प्रतिपिंडे मात्र तयार करत नाही. आईच्या चिकातून मिळालेली प्रतिपिंडे ओसरली की प्रतिपिंडांच्या चाचणीत तेच सर्वांत ‘स्वच्छ’ दिसते! पुढे त्याला लस टोचूनही उपयोग नसतो. म्हणून या दोन वेतांतील पिल्लांच्या रक्ताची पीसीआर चाचणी, म्हणजे थेट विषाणूचा शोध, करून घ्या आणि निकाल येईपर्यंत ती गाभण डुकरिणींपासून पूर्ण वेगळी ठेवा. नमुने पशुधन विकास अधिकाऱ्यांमार्फत पुण्यात औंध येथील रोग अन्वेषण प्रयोगशाळेत पाठवता येतील.

डुकरिणींना लस गाभण राहण्यापूर्वी द्यावी. पिल्लांच्या बाबतीत घाई नको, कारण चिकातील प्रतिपिंडे लसीलाच निष्प्रभ करतात. दोन महिन्यांच्या आसपासचे वय सोयीचे. शहरातील हॉटेलांचे उरलेले अन्न आणत असाल, तर ते ढवळत किमान अर्धा तास उकळल्याशिवाय घालू नका, कारण डुकराच्या कच्च्या मांसातून हा विषाणू सहज येतो.

एक गोष्ट मात्र वेगळी ठेवा. २०२० पासून देशात आलेला आफ्रिकन स्वाइन फीवर नावाने आणि लक्षणांनी सारखा असला, तरी विषाणू निराळा आहे. आपण दिलेली लस त्याच्यावर चालत नाही. लसीकरण झालेली मोठी डुकरे तीव्र ताप येऊन, कातडीवर लाल-निळे चट्टे पडून पटापट मरू लागली, तर एकही जनावर विकू वा कापू नका आणि त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा.