उन्हाळी संशोधन प्रशिक्षणाला निघालेल्या विज्ञान शिक्षकांसाठी

निवड झाली, मनापासून अभिनंदन! पहिल्याच आठवड्यात सगळे प्रश्न बेधडक विचारून टाका. ‘हे मला येत नाही’ म्हणणं आपल्याला जड जातं, पण प्रयोगशाळेतली पीएचडी करणारी मुलं फार आपुलकीनं शिकवतात.

जीवशास्त्राची प्रयोगशाळा मिळाली तर आधी मायक्रोपिपेटवर, म्हणजे अगदी थोडा द्रव अचूक मोजून घेणाऱ्या उपकरणावर, हात बसवा. बटण पहिल्या थांब्यापर्यंत दाबून मगच टोक द्रवात बुडवायचं आणि सावकाश सोडायचं. द्रव बाहेर काढताना दुसऱ्या थांब्यापर्यंत दाबायचं. बटण झटकन सोडलं की हवा आत शिरते आणि माप चुकतं. सराव साध्या पाण्यावर करा. 100 मायक्रोलीटर पाण्याचं वजन साधारण 100 मिलिग्रॅम भरलं पाहिजे.

नोंदवही शाईनं, तारखेसह, त्याच वेळी लिहा. चुकलं तर एकच रेघ मारा, खोडरबर नको.

कंट्रोलकडे, म्हणजे तुलनेसाठी मुद्दाम ठेवलेल्या नमुन्याकडे, मात्र नीट लक्ष द्या. पीसीआरमध्ये, म्हणजे डीएनएच्या असंख्य प्रती काढण्याच्या पद्धतीत, एका नळीत डीएनए मुद्दाम घालत नाहीत. नंतर डीएनए पट्ट्यांच्या रूपात दाखवणाऱ्या जेलवर त्या नळीच्या जागीही पट्टी उमटली, तर कुठेतरी भेसळ झाली, आणि बाकीच्या पट्ट्यांवरही भरवसा ठेवता येत नाही. हे मुलांना दाखवण्यासारखं आहे! आपल्या पाठ्यपुस्तकी प्रयोगांचं उत्तर आधीच ठाऊक असतं, त्यामुळे शंका घेणं शिकवायचं राहूनच जातं.

शाळेत यंत्रं नसणारच. म्हणून तिथून परत निघण्यापूर्वी मार्गदर्शकांसोबत बसून दोन तासिकांत मावेल असा एक प्रयोग ठरवा आणि तो तिथेच एकदा करून बघा.