कोठीच्या खोलीतला कोबा सारखा भुकटी सोडतो, टाइल्स न लावता पुसायला सोपा कसा करता येईल?

तुम्ही लिहिलंय की ८ बाय १० ची खोली आहे, साधा सिमेंटचा कोबा आहे, झाडू मारला की पांढरी पूड निघते आणि कुणीतरी एपॉक्सी (दोन डब्यांतला माल मिसळून मारायचा, वर घट्ट थर धरणारा रंग) मारा म्हणून सांगितलंय. डबा आणण्याआधी एक काम करा. दीड-दोन फुटांचा जाड प्लॅस्टिकचा तुकडा जमिनीवर पसरा, चारही कडा चिकटपट्टीने बंद करा आणि एक दिवस तसाच ठेवा. उचलल्यावर खाली दव जमलेलं दिसलं किंवा कोबा काळपट पडला असेल, तर जमिनीतून ओल चढते आहे. अशा जमिनीवर एपॉक्सी मारू नका. शक्यतो हे पावसाळ्यातच बघा, कारण मे महिन्यात सगळ्याच जमिनी कोरड्या वाटतात.

हे मी अनुभवाने सांगते आहे. आमचं घर रत्नागिरीजवळ आहे, मागच्या खोलीत मी फराळाच्या ऑर्डरी करते. आधी तिथे ऑइलपेंट मारला होता, तो दिवाळीपर्यंत पापुद्र्यांनी निघाला. सिमेंटमधला क्षार त्या रंगातल्या तेलाचा अक्षरशः साबण करतो, त्यामुळे सिमेंटच्या जमिनीवर तो रंग टिकतच नाही. पुढच्या मे महिन्यात एपॉक्सी मारलं. काचेसारखं गुळगुळीत दिसत होतं, मला फार आनंद झाला होता. श्रावणात शेगडीच्या बाजूला रुपयाएवढे फोड आले. त्यातला एक सुईने टोचला तर आतून पाणी आलं. खालच्या ओलीला वाट मिळाली नाही की ती रंगच उचलते.

मग मोझॅक घासणाऱ्याकडून सगळं घासून काढलं. तुमच्याकडेही पहिली पायरी हीच. भुकटी निघते ती वरच्या कमजोर थरातून. घोटताना ओल्या कोब्यावर कोरडं सिमेंट भुरभुरवलं, वर पाणी मारलं किंवा नंतर पाणी नीट धरलं नाही की तो थर कच्चा राहतो. तो काढल्याशिवाय वर काहीही लावलं तरी ते त्याच्यासकट निघून येतं. अॅसिडने धुण्यापेक्षा घासणं बरं. बंद खोलीत त्या वाफांचा फार त्रास होतो.

त्यानंतर ओल असेल तर सोडियम सिलिकेट, म्हणजे वॉटरग्लास. साबणाचं सामान विकणाऱ्या दुकानात मिळतं. ते सिमेंटमधल्या मोकळ्या चुन्याशी मिळून आतच घट्ट होतं आणि वर पापुद्रा धरत नाही, त्यामुळे फुगायला काही उरत नाही. एक भागाला चार भाग पाणी घालून, स्वच्छ कोरड्या जमिनीवर ब्रशने हात द्या, दुसऱ्या दिवशी धुवा, वाळू द्या, पुन्हा द्या. मी तीन हात दिले. हातमोजे आणि चष्मा घालाच, आणि काचेवर किंवा टाइलवर थेंब उडाला तर लगेच पुसा, नाहीतर कायमचा डाग राहतो. याने भुकटी थांबते, तेल मुरणं मात्र पूर्ण थांबत नाही. त्यासाठी वरून आत मुरणारा, वाफ बाहेर जाऊ देणारा सीलर लागतो. घेताना तो तेलालाही चालतो का, हे दुकानात विचारून घ्या.

जमीन खरोखर कोरडी असेल तर एपॉक्सीच उत्तम, विशेषतः लिंबू, चिंच, ताक सांडणार असेल तर, कारण आंबट पदार्थ उघडं सिमेंट खातात. कोबा नवा असेल तर २८ दिवस थांबा. दोन्ही डबे मिसळल्यावर उन्हाळ्यात माल लवकर आवळतो, म्हणून एकदम सगळं कालवू नका, एका वेळी पुरेल तेवढंच मापाने घ्या.

आणि कडा! पुसायला त्रास खरं तर तिथेच होतो. भिंत आणि जमीन जिथे भेटते त्या काटकोनात पीठ, तेल, मुंग्या सगळं अडकतं. गवंड्याला तिथे वाटा काढायला सांगा, म्हणजे सिमेंटची गोलाई, दोन-तीन इंच वर चढलेली. आमच्या खोलीत सगळ्यात जास्त सुख मला त्या वाट्याने दिलं. फडकं एका दमात भिंतीपासून मोरीपर्यंत येतं. मोरीकडे थोडा ढाळ आहे का तेही बघा, दहा फुटांना इंचभर पुरतो. हे दोन्ही घासून झाल्यावर, पण सिलिकेट किंवा एपॉक्सीच्या आधी करून घ्या.

रोजच्या पुसण्याला साधा भांड्यांचा साबण पाण्यात घालून चालतो. संडासासाठीचं अॅसिड कोब्यावर कधीच ओतू नका. चाचणीत काय दिसलं ते इथे लिहा, मी बघून सांगते.