गुडघ्यातलं इन्फेक्शन आणि गोळ्यांचे आठवडे

गुडघ्याच्या नाहीतर खुब्याच्या ऑपरेशननंतर इन्फेक्शन झालं तर अँटिबायोटिक किती दिवस घ्यायचं, हे इतक्या जणांनी विचारलंय की या वेळी दुसरा विषय घेतच नाही. आधीच सांगतो, मी प्रत्येकाला उलट विचारणार की आत धातू आहे का आणि ऑपरेशनमध्ये नक्की काय केलं. हे कळल्याशिवाय आठवडे सांगणं म्हणजे नुसता अंदाज.

दादर : आईचा गुडघा बदलला. अठराव्या दिवशी जखमेतून पाणी यायला लागलं, परत ऑपरेशन करून सगळं धुतलं, मधला प्लास्टिकचा भाग बदलला, धातू तसाच ठेवला. सर्जन म्हणतात १२ आठवडे गोळ्या. माझा चुलतभाऊ डॉक्टर आहे, तो म्हणतो हल्ली ६ पुरतात. कोणाचं ऐकू?

सर्जनचं. चुलतभाऊ अगदीच चुकीचं बोलत नाहीये, मणक्याच्या इन्फेक्शनमध्ये ६ आठवडे १२ इतकेच चालतात हे फ्रान्समधल्या एका मोठ्या अभ्यासात २०१५ सालीच दिसलं होतं. पण मग फ्रान्समध्येच कृत्रिम सांध्यांवर तोच प्रयोग केला, डॅटिपो नावाचा, २०२१ मध्ये छापून आला, चारशेच्या आसपास पेशंट. दोन वर्षांत इन्फेक्शन शिल्लक राहण्याचं प्रमाण ६ आठवडेवाल्यांत १८.१ टक्के आणि १२ वाल्यांत ९.४. आणि तुमच्या आईसारखे, म्हणजे धुतलं पण धातू आतच, त्यांच्यात तर ३०.७ विरुद्ध १४.५. एवढा फरक असताना मी माझ्या घरच्या माणसाला ६ आठवडे सांगणार नाही.

असं का होतं? जंतू धातूवर थर धरून बसतात, पावसाळ्यात बाथरूमच्या फरशीवर बुळबुळीत थर येतो ना तसा. वरून औषध ओतलं की वरचे मरतात, खालचे पडून राहतात. म्हणून लवकर धुणं, प्लास्टिक काढून त्याच्या मागची जागाही साफ करणं आणि मग लांब कोर्स, तिन्ही लागतं. अमेरिकेच्या २०१३ च्या गाइडलाइनमध्ये तर धातू ठेवलेल्या, स्टॅफिलोकोकस नावाच्या जंतूच्या केसमध्ये खुब्याला ३ महिने आणि गुडघ्याला ६ महिने लिहिलेत, त्यामुळे १२ आठवडे ऐकून दचकू नका. आणि हो, मोजणी शेवटच्या धुण्यापासून करायची, पहिल्या गोळीपासून नाही. मध्ये पुन्हा धुवावं लागलं तर मीटर परत शून्यावर.

डोंबिवली : मिस्टरांच्या गुडघ्यात दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर पू झाला, धुतला, आत काही बसवलेलं नाही. ४ आठवडे सांगितलेत. शेजारच्या काकांना ३ महिने होते. आमचं कमी तर पडत नाही ना?

नाही हो. काकांच्या आत बहुतेक धातू असणार. स्वतःचाच सांधा असेल आणि नीट धुतला असेल तर ३ ते ४ आठवडे ही नेहमीची मुदत आहे. जिनिव्हाच्या २०१९ च्या एका अभ्यासात तर २ आठवडे ४ इतकेच चालले, पण त्यातले बरेचसे सांधे हाताचे, बोटांचे होते, म्हणून मोठ्या गुडघ्याला तो आकडा लावायला मी कचरतो. मात्र तुमच्या ऑपरेशनमध्ये लिगामेंट दुरुस्त करून स्क्रू बसवला असेल तर हे उत्तर तुमच्यासाठी नाही, डिस्चार्ज कार्ड काढून बघा आणि सर्जनना विचारा. अजून एक, आपल्याकडे सांध्याचा टीबी असतो आणि तो हळू चालतो. साधं कल्चर, म्हणजे नमुन्यातले जंतू वाढवून बघायची तपासणी, कोरं आलं आणि सूज हटेना तर टीबीची तपासणी पाठवली होती का, हे न लाजता विचारा.

विरार : रोज इंजेक्शनसाठी लोकलने अंधेरीला जातोय, वडिलांना गर्दीत चढवणं जमत नाही. गोळ्यांवर चालणार नाही का?

बऱ्याचदा चालतं. इंजेक्शन म्हणजे जोरदार आणि गोळी म्हणजे कच्ची, ही आपली जुनी समजूत. ब्रिटनमध्ये हाडांच्या आणि सांध्यांच्या इन्फेक्शनच्या १०५४ पेशंटवर ओव्हिवा नावाचा अभ्यास झाला, २०१९ मध्ये आला, पहिल्या सहा आठवड्यांत अर्ध्यांना शिरेतून आणि अर्ध्यांना तोंडाने औषध. वर्षभरात फसल्याचं प्रमाण शिरेतून १४.६ टक्के, तोंडाने १३.२, म्हणजे सारखंच. पण जंतू कोणता आणि त्याला चालेल अशी गोळी आहे का हे कल्चर रिपोर्टवर ठरतं, तो घेऊन डॉक्टरांशी सरळ बोला. लिव्होफ्लॉक्सासिन नावाची अँटिबायोटिक गोळी मिळाली तर कॅल्शियमची गोळी, अ‍ॅसिडिटीचं पातळ औषध आणि दूध त्याच्यापासून निदान दोन तास लांब. म्हाताऱ्या माणसांना सकाळच्या चहासोबत सगळ्या गोळ्या एकदम गिळायची सवय असते, त्यात अँटिबायोटिक अंगाला लागतच नाही. या गोळीवर असताना टाचेच्या मागे दुखायला लागलं तर डॉक्टरांना लगेच फोन करा. लिनेझोलिड हे दुसरं अँटिबायोटिक दोन आठवड्यांच्या पुढे जात असेल तर दर आठवड्याला सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची तपासणी, हवीच.

मुलुंड : रिफॅम्पिसिन सुरू केल्यावर लघवी नारिंगी-लाल होते, रक्त आहे का? घाबरून दोन दिवस बंद केलं.

रक्त नाही, औषधाचा रंग आहे, घामाला आणि अश्रूंनाही येतो. पण असं मनाने बंद करू नका. हे औषध थरातल्या जंतूंवर चालतं म्हणूनच देतात आणि कधीच एकटं द्यायचं नसतं, सोबतची गोळी संपली आणि हेच चालू राहिलं तर जंतू पटकन निबर होतात. त्यामुळे दोन्ही गोळ्यांचा स्टॉक एकत्र बघा. रक्त पातळ करणारं वॉरफरिन, डायबेटिसच्या काही गोळ्या आणि गर्भनिरोधक गोळ्या याच्यामुळे कमी पडतात, डॉक्टरांना सांगितलं नसेल तर आजच सांगा. लघवी गडद, डोळे पिवळे आणि भूक गेली असं सगळं एकत्र झालं तर मात्र लिव्हरची तपासणी तातडीने.

ठाणे : सीआरपी (रक्तातून सूज-इन्फेक्शनचा अंदाज देणारी तपासणी) नॉर्मल आला, दुखतही नाही, सातवा आठवडा चालू आहे. थांबवू का?

नको. सीआरपी खाली आला म्हणजे गाडी बरोबर रुळावर आहे, स्टेशन आलं असं नाही. उलटही सांगतो, कोर्स पूर्ण झाला, जखम कोरडी, चालणं चांगलं आणि ईएसआर, म्हणजे तशीच दुसरी रक्ततपासणी, तेवढा थोडा वर, म्हणून अजून एक महिना वाढवण्यातही अर्थ नसतो. ईएसआर वयाने, अ‍ॅनिमियाने, कशानेही वर राहतो.

गिरगाव : माझा खुबा बदलला, सगळं ठीक आहे, तरी सेफ्टीसाठी १० दिवसांच्या गोळ्या लिहून दिल्यात. घेऊ?

ज्यांनी लिहिल्या त्यांनाच विचारा की काही खास कारण आहे का. इन्फेक्शन होऊ नये म्हणून जो डोस असतो तो चीर देण्याच्या आधी तासाभरात, साधारण सेफाझोलिन या अँटिबायोटिकचं २ ग्रॅमचं इंजेक्शन, आणि फार तर २४ तासांपर्यंत. ऑपरेशन संपल्यावर तो लांबवू नका असंच जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्याकडे तरी सवयीने लिहिलं जातं, आणि पेशंटलाही गोळ्या नसल्या की चुकल्यासारखं वाटतं. माझी खरी भीती वेगळी आहे. पाचव्या-सातव्या दिवसानंतरही जखम ओली राहते आणि लोक सर्जनला दाखवायच्या ऐवजी नाक्यावरच्या केमिस्टकडून तीच स्ट्रिप परत आणतात. चार दिवस पाणी थांबतं, बरं वाटतं, आत जंतू थर धरत असतात. मग सांध्यातलं पाणी काढून तपासायला पाठवलं की कल्चर कोरं येतं, कुठलं औषध द्यायचं ते कळत नाही, आणि डॉक्टरांना गोळ्या दोन आठवडे बंद करून पुन्हा नमुना घ्यायची वेळ येते. ड्रेसिंग भिजलेलं दिसलं तर फोटो काढा, सर्जनला पाठवा आणि त्याच दिवशी जाऊन दाखवा, गोळी त्यांनी बघितल्यावर.