अक्कांना विचारा: लेक बारा वर्षांची होतेय

पत्र पहिलं

अक्का, नमस्कार. आम्ही बेळगावात अनगोळला राहतो. माझी मुलगी जानेवारीत बारा वर्षांची होईल. आजवर तिचा वाढदिवस म्हणजे गल्लीतली सगळी मुलं, कार्टूनचा केक, पावभाजी आणि फुगे. यंदा तिनं सांगून टाकलंय, "हे काही नको. मी मैत्रिणींबरोबर हॉटेलात जाणार, घरातलं कुणी यायचं नाही." ह्यांचं म्हणणं, एकुलती एक लेक आहे, हॉल घेऊ, डीजे लावू. सासूबाईंना औक्षण झाल्याशिवाय चालत नाही. आमची तयारी पाच हजारांपर्यंत आहे, घर दोन खोल्यांचं. मैत्रिणींत एक जैन, दोघी लिंगायत, एक मुसलमान, बाकी मराठी घरांतल्या. खायला काय करू आणि हिची समजूत कशी घालू?
– एक आई, अनगोळ

हॉल नको. पाच हजारांत हॉल आणि डीजे बसवायचा म्हटलं तर खाण्याला काही उरणार नाही. शिवाय हॉल घेतला की तो भरायला पाहुणे बोलवावे लागतात, आणि तुमच्या लेकीला नेमकं तेच नको आहे. हॉटेलही यंदा राहू दे. बारा वर्षांच्या पोरी एकट्या हॉटेलात बसल्या तर तासाभरात बिल येतं आणि वाढदिवस संपतो.

पण "घरातलं कुणी नको" हे तिचं बोलणं हट्ट म्हणून सोडून देऊ नका. मी सहावी-सातवीच्या मुलींना शिकवण्यात उमर घालवली. सोमवारी सकाळी पोरी आदल्या दिवशीच्या वाढदिवसाच्या गोष्टी सांगायच्या. केक लहान होता म्हणून कुणी रडलेली मला आठवत नाही. काकांनी सगळ्यांसमोर मार्क विचारले, आत्या "किती काळवंडलीस गं" म्हणाली, बाबांनी तोंडाला केक फासला, आईनं लहानपणचा अंघोळीचा फोटो स्टेटसला टाकला, हे सांगताना मात्र डोळे भरायचे. या वयात अंग बदलत असतं. एकीची उंची झपकन वाढते, दुसरीची जागेवरच असते, तिसरीच्या तोंडावर पुटकुळ्या येतात, आणि प्रत्येकीला वाटतं की सगळं जग आपल्याकडेच बघतंय. मैत्रिणींदेखत मला लहान करू नका, एवढंच तुमची लेक म्हणतेय. तिला नुसतं विचारा, "मागच्या वर्षी काय आवडलं नव्हतं?" मग गप्प बसून ऐका.

तेव्हा दिवसाचे दोन भाग करा. सकाळ घरची. आजीनं पाटावर बसवून ओवाळावं, गोडाचं काही करावं, आत्या-काका-मामी ज्यांना यायचं त्यांनी तेव्हाच यावं. सासूबाईंचा मान राहिला आणि मुलीच्याही कपाळाला कुंकू लागलं. दुपारी एकपासून सहापर्यंतचा वेळ तिचा. त्यात मोठ्या माणसांनी फक्त मदतीला असायचं.

आणि पैसे तिच्या हातात द्या. खरंच द्या, पाकीट आणि एक वही. किती जणी, काय खायचं, कशावर किती, सगळं तिनं लिहायचं. दुकानात भाव विचारायलाही तिलाच पाठवा, मागे तुम्ही उभ्या राहा. सजावटीच्या कमानीचा भाव ऐकला की ती आपणच घरी येऊन कागदाच्या पताका कापायला बसेल. उरलेले पैसे तिचे, हे आधीच कबूल करा. तुम्ही नकार द्यायचा तो दोनच गोष्टींना: ज्यानं कुणाला इजा होईल आणि ज्यानं कुणाचा अपमान होईल.

दोन खोल्यांत आठ मुली पुरेत. बोलावणं वर्गात वाटू नका, ज्यांना मिळालं नाही त्यांच्यासमोर तर मुळीच नको. घरी जाऊन किंवा आयांना फोन करून सांगा. त्याच फोनमध्ये खाण्यापिण्याचं, परत सोडण्याच्या वेळेचं आणि फोटोंचं विचारून घ्या.

आता कार्यक्रम. माझं मन विचाराल तर रविवारी दुपारी पोरींना बेळगावच्या किल्ल्यात न्या. आपलं सीबीटी, म्हणजे मध्यवर्ती बस स्टँड, किल्ल्याला लागूनच आहे. शक्ती योजनेत कर्नाटकातल्या बायका-मुलींना साध्या सरकारी बसला तिकीट पडत नाही, म्हणजे जाण्यायेण्याचे पैसेही वाचले. ओळखपत्र तेवढं प्रत्येकीनं जवळ ठेवावं. चौघी-चौघींच्या दोन टोळ्या करा आणि शोधाचा खेळ लावा. चिठ्ठ्या तुमच्या लेकीनंच लिहायच्या, त्यासाठी आधी एकदा तिला तिथे फिरवून आणा. खंदकापासून सुरुवात, मग दाराजवळची दुर्गादेवी, मग कमल बस्ती, म्हणजे जुनं जैन मंदिर. ही बस्ती 1204 सालची, रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याच्या मंत्र्यानं, बिचिराजानं बांधलेली. आत छताला दगडी कमळ आहे. त्याच्या पाकळ्या 72, मागच्या, आताच्या आणि पुढच्या काळातल्या चोवीस-चोवीस तीर्थंकरांच्या. पाकळ्या मोजायला लावा, माना वर करून करून पोरी मोजत बसतील. मग 24 तिप्पट 72 कसे, हे त्या जैन मैत्रिणीला सांगू द्या. एरवी आमच्यात हे चालत नाही, ते चालत नाही, असं तिला सारखं सांगावं लागतं. त्या दिवशी सगळ्या तिला विचारतील. त्याच कोटात साफा मशीद आहे, रामकृष्ण मिशनचा आश्रम आहे. 1892 साली स्वामी विवेकानंद बेळगावात येऊन राहिले होते, तीही एक चिठ्ठी होईल. देवळात चप्पल बाहेर, आवाज खाली, पाटी असेल तिथे फोटो नाही, हे निघण्याआधी मुलीनंच सगळ्यांना सांगायचं. यजमान ती आहे. तुम्ही आणि एखादी मावशी वीस पावलं मागून चाला. बाबांनी यायचं असेल तर पाण्याच्या बाटल्या धराव्यात.

घरी परत यायला चार वाजतील. आता खाणं.

जैन घरात कांदा, लसूण, बटाटा चालतो का, दिवस मावळल्यावर खातात का, हे तिच्या आईलाच विचारा. सगळ्या घरांत सारखं नसतं. जानेवारीत आपल्याकडे सव्वासहाच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणून साडेपाचपर्यंत खाणं उरकेल असं बघा. पावभाजीपेक्षा गिरमिट करा. चिरमुरे, चिंच-गुळाचं पाणी, हिरवी मिरची, हळदीची फोडणी, टोमॅटो, कोथिंबीर आणि वरून डाळ्याचं पीठ. फोडणी बिनकांद्याचीच करा, चिरलेला कांदा वेगळ्या वाटीत ठेवा, ज्यांना हवा त्या घेतील. एकीसाठी वेगळं ताट काढू नका. सगळ्यांसाठी तेच करा, म्हणजे तिला कानकोंडं होणार नाही. सोबत मिरची भजी, ती मात्र मोठ्या माणसानं तळावी. केक बिनअंड्याचा, आणि बेकरीत ते स्पष्ट विचारून घ्या. जेली आणि मार्शमेलोत बहुतेक वेळा जिलेटिन असतं, ते प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून काढतात. या आठजणींत ते बऱ्याच घरांना चालणार नाही, तेव्हा तो खाऊ आणूच नका. गोडाला आपला कुंदा द्रोणातून द्या. केकपेक्षा कुंदाच आधी संपेल, बघा. संक्रांतीच्या आसपासचा दिवस असेल तर तिळगूळ आहेच.

केक कापताना तीन गोष्टी दारातच बंद करा. एक, स्नो स्प्रे. त्यातला वायू पेट घेणारा असतो, मेणबत्ती जळत असताना फवारला तर केसाला, कपड्याला आग लागते. दोन, गॅसचे फुगे. स्वस्तातल्या फुग्यांत हायड्रोजन भरलेला असू शकतो आणि ज्योतीजवळ त्याचा भडका होतो. तोंडानं फुगवलेले फुगे काय वाईट? तीन, तोंडाला केक फासणं. थरांच्या केकमध्ये आधाराला काड्या घातलेल्या असतात, त्यावर डोकं दाबलं तर डोळा जाईल. आणि काडी नसली तरी ते अन्न आहे. माझ्यासमोर कुणी केक फासलेला मला खपत नाही, मग ती पार्टी कुणाचीही असो.

मोबाइल एका परडीत जमा करा. सगळ्यांचा मिळून एक फोटो शेवटी काढायचा, आणि जिच्या आईनं नको म्हटलंय तिचा फोटो स्टेटसला जाणार नाही. न्हाणीघरात एका पिशवीत पॅड ठेवा आणि तुमच्या लेकीला सांगून ठेवा. या वयात कुणाला पहिल्यांदाच त्या घरात पाळी येऊ शकते. मुलीनं मैत्रिणीच्या कानात सांगावं, बाहेर त्याची चर्चा नको.

खाऊन झाल्यावर अर्धा-पाऊण तास हातानं काही करायला द्या. वडगाव-शहापूरला मागाची घरं आहेत, ओळखीत कुणी असेल तर साड्यांचे रंगीत तुकडे मागून आणा, नाहीतर शिंप्याकडचे कातरण घ्या. त्यात इलास्टिक ओवून केसांचे बँड करायचे. सुईदोरा येत नाही म्हणणारीही पाहून शिकते. प्रत्येकीनं आपला बँड घरी न्यायचा, वेगळं रिटर्न गिफ्ट नको. गाण्याच्या भेंड्या लावल्यात तर मराठी, कन्नड, हिंदी, उर्दू सगळं चालेल असा नियम करा. नाहीतर दोघी-तिघी नुसत्या टाळ्या वाजवत बसतात.

सहा वाजता रिक्षानं किंवा स्वतः जाऊन प्रत्येकीला दारापर्यंत सोडा. हे काम मुलीच्या बाबांना द्या. हॉल हुकला म्हणून ते नाराज असतील, पण लेकीच्या मैत्रिणींना सुखरूप घरी पोचवणारा बाप तिच्या लक्षात राहतो.

पत्र दुसरं

अक्का, आमचं गाव खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या बाजूला. मुलीला जुलैत अकरावं पुरं होतंय. बेळगावच्या मावसबहिणीची थीम पार्टी बघून आल्यापासून तिला तसंच हवंय. इथे जुलैत पाऊस असा की अंगणात पाय ठेवता येत नाही, वीज कधी जाईल सांगता येत नाही. आणि पेरणीनंतर हातात पैसा नसतो.
– एक वडील

भाऊ, थीम म्हणजे एक विषय धरून सगळं सजवायचं, एवढंच. तुमच्याकडे विषय दारात आहे. 'रान' धरा. भीमगड अभयारण्य तुमच्या शेजारचं, तिथल्या बारापेडे गुहांतली दुर्मीळ वटवाघळं जगभरच्या अभ्यासकांना ठाऊक आहेत. पोरींनी जुन्या वहीच्या पुठ्ठ्याची वटवाघळं कापून काळी रंगवावी आणि तुळईला टांगावी. वीज गेली तर बरंच झालं. भिंतीवर बॅटरीचा झोत टाकून हातांच्या सावल्यांचा खेळ करा. गावातल्या एखाद्या आजोबांना बोलावून गव्याच्या, अस्वलाच्या खऱ्या आठवणी सांगायला लावा. चुलीत फणसाच्या आठळ्या भाजा, गूळ-शेंगदाणे ठेवा, केकऐवजी घरच्या तांदळाची खीर केली तरी चालेल. मैत्रिणी गावातल्याच बोलवा, पावसात ओढा ओलांडून कुणाला यायला लावू नका. रात्री राहायच्या असतील तर आजीच्या खोलीत सगळ्यांची एकच वाकळ पसरा. मावसबहीण पुढच्या वेळी तुमच्याकडे यायचा हट्ट धरेल, असं मला मनापासून वाटतं.

पत्र तिसरं

अक्का, मी निपाणीची, सहावीत आहे. पुढच्या महिन्यात माझा वाढदिवस आहे. माझी सगळ्यात जवळची मैत्रीण दिवाळीपासून माझ्याशी बोलत नाही, दुसऱ्या ग्रुपमध्ये बसते. तिला बोलावू का? आई म्हणते कशाला. ती आली नाही तर सगळ्या हसतील.

बाळ, बोलाव. पण ग्रुपवर मेसेज टाकून नको आणि दुसरीच्या हाती निरोपही नको. शाळा सुटल्यावर ती एकटी असेल तेव्हा जा आणि सांग, "रविवारी माझा वाढदिवस आहे, तू यावंस असं मला वाटतं." भांडण कुणामुळे झालं ते तेव्हा काढू नकोस. ती "बघते" म्हणाली तर "बरं" म्हण आणि निघ. तिला बोलावलंयस हे बाकीच्यांना सांगूच नकोस, म्हणजे ती नाही आली तरी कुणाला हसायला कारण नाही. आली तर तिला तुझ्या शेजारी बसवण्याचा आग्रह धरू नकोस. काहीतरी काम दे, द्रोण मांडायचं, पाणी द्यायचं. कामात असलं की बोलणं आपोआप सुरू होतं. नाही आली तर तुला वाईट वाटेल, आणि ते वाटू दे, रात्री आईजवळ बोल. आईला आताच सांगून ठेव की पोरी किती येणार ते अजून नक्की नाही, चिरमुरे शेरभर जास्तच आण.