जपानला ताईला घेऊन जातेस म्हणून

बाळा, अनेक आशीर्वाद.

तुझं वेळापत्रक वाचलं. क्योतोच्या दोन दिवसांत पाच देवळं आणि दोन किल्ले. एकटी असतीस तर मी काही बोलले नसते. बरोबर ताई आहे, तिचे गुडघे आहेत. यातलं निम्मं आजच काढून टाक. हिमेजीचा किल्ला आणि फुशिमी इनारीचं देऊळ ठेव.

हिमेजीला सकाळी पोचा. स्टेशनातून बाहेर आलीस की सरळ रस्त्याच्या टोकाला पांढराशुभ्र किल्ला दिसतो, जेमतेम एक किलोमीटरवर. १६०९ साली पुरा झालेला हा मुख्य बुरूज मूळचा लाकडी आहे. ओसाकाच्या किल्ल्याचा १९३१ साली काँक्रीटमध्ये बांधलेला, तिथे लिफ्ट आहे. हिमेजीत नाही. बूट काढून पिशवीत घालायचे, ती हातात धरायची आणि शिडीसारखे उभे लाकडी जिने चढायचे. म्हणून वर येणार का, हे ताईला खालच्या मैदानातच विचार. "तुम्ही म्हणाल तसं" हे उत्तर धरू नकोस, ती तसंच म्हणणार. वर यायचं नसेल तर शेजारी कोको-एन ही बाग आहे, तिथे चहाघरही आहे.

तुझ्या काकांबरोबर गेले तेव्हा मी भराभर वर चढले. ते मागे भिंतीतल्या जंग्यांपाशी रमले होते: गोल, त्रिकोणी, चौकोनी भोकं बंदुकीसाठी आणि उभी लांबट बाणांसाठी. चढायचा जिना वेगळा, उतरायचा वेगळा. मी उतरून खाली आले, ते अजून वरच. फोन दोघांत एकच, तोही माझ्याकडे. अर्धा तास मी अंगणात जीव मुठीत धरून उभी होते. भेटल्यावर ते एवढंच म्हणाले, "तू जंग्या बघितल्याच नाहीस?" खरंच बघितल्या नव्हत्या. तुम्ही दोघी दोन फोन ठेवा आणि चुकामूक झाली तर कुठे थांबायचं ते दारातच ठरवा.

इनारीला पहाटे जा. देऊळ रात्रंदिवस उघडं असतं, तिकीट नाही. आधी हात धुवायचे: उजव्या हातात पळी घेऊन डावा, मग डाव्यात घेऊन उजवा, मग ओंजळीतल्या पाण्याने चूळ. पळी तोंडाला लावायची नाही. देवापुढे दोनदा वाकायचं, दोन टाळ्या, पुन्हा एकदा वाकायचं. ताईला हे आदल्या रात्री सांगून ठेव, म्हणजे तिथे ती बावरणार नाही.

देवळामागचा डोंगर २३३ मीटरचा. सगळा चढू नका. योत्सुत्सुजी नावाच्या चौकापर्यंत गेलात तरी क्योतो खाली पसरलेलं दिसतं. शेंदरी तोरणांखालून, म्हणजे वाटेवरच्या दोन खांबी कमानींखालून, चढताना खांब कोरे वाटतात. अक्षरं मागच्या बाजूला आहेत, काळ्या रंगात: एका खांबावर तोरण देणाऱ्याचं नाव, दुसऱ्यावर तारीख. ती उतरताना समोर येतात. उतरताना ताईला पुढे ठेव, तिच्या चालीने चाल, मग तुला ती नीट बघायला मिळतील.

आणि पाच येनची दोन नाणी सुट्टी करून ठेव. पिवळं, मध्ये भोक असलेलं नाणं. "गो-एन" म्हणजे पाच येन, आणि त्याच उच्चाराचा दुसरा अर्थ ऋणानुबंध, म्हणून देवापुढे तेच टाकतात. त्यावर भाताची लोंबी कोरलेली आहे आणि इनारी तर भाताचाच देव. टाकायच्या आधी ताईच्या तळहातावर ठेवून तिला ती लोंबी दाखव.

तुझी,
मावशी